वाटाण्याचा सिनेमा

बालमित्रांनो, आपल्या डोणगावच्या शिवारात हरभरा उगवलेला तुम्ही पाहता. पण कोंब वाढताना कधी डोळ्यांना दिसतो का? नाही ना! १९१२ साली मुंबईत दादासाहेब फाळक्यांनी तो दाखवला. लंडनहून त्यांनी कॅमेरा आणला होता, पण चित्रपट काढायला पैसा कोण देणार? मग त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोखला आणि ठरावीक वेळाने एकेक चित्र टिपत राहिले. पडद्यावर ती चित्रं भराभर धावली, आणि बी फुटून बघता बघता रोपटं उभं! ते पाहून भांडवल देणारा भेटला. तरी पैसे पुरेनात. तेव्हा सरस्वतीबाईंनी आपले दागिने गहाण टाकायला दिले. शिवाय अंधारात बसून फिल्मच्या कडांना भोकं पाडायचं किचकट कामही त्याच करत बरं का! (त्यांचं नाव कमी घेतलं जातं, हे मला खटकतं.)

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. बायका काम करायला तयार होईनात, म्हणून तारामती झाले अण्णा साळुंके! पण १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मधला छोटा कृष्ण कोण, ठाऊक आहे? दादासाहेबांची मुलगी मंदाकिनी.