द्राक्षबागेतले निळे हात

ऑक्टोबर छाटणीचे दिवस होते. दिंडोरी तालुक्यातल्या एका गावात आमच्या बचत गटाची मासिक बैठक होती. वहीवर सह्या घेताना माझं लक्ष सहज बायकांच्या हातांकडे गेलं. कुणाच्या नखांच्या कडेला, कुणाच्या बोटांच्या पेरांत निळसर पांढरं काहीतरी बसलेलं.

"मेंदी फसली का गं?" मी गमतीनं विचारलं. सगळ्या खो खो हसल्या.

"अवो ताई, बोर्डो हाये तो! खोडाला लावत होतो सकाळधरनं."

"मग हातमोजे नाही घालत?"

"त्याला कशाला मोजे? ते काय इख थोडंच हाये? चुना आन मोरचूद. चुना तर आपण पानाला लावून खातो!"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर, 'विषारी औषधांपेक्षा बोर्डो बरा, निसर्गातलंच आहे' हे त्याच गटात कधीतरी मीच म्हटलं होतं. मी आर्ट्सची पदवीधर. मोरचुदाशी माझी ओळख शाळेच्या प्रयोगशाळेतल्या निळ्या खड्यांपुरती. पण त्या दिवशी घरी आले ती अस्वस्थ होऊनच. माहिती काढायला लागले, जाणकारांना विचारलं, आणि लक्षात आलं की आपण किती सहज बोलून जातो!

मैत्रिणींनो, नाशिकची द्राक्षं आपण कौतुकानं खातो. पण त्या वेलीला केवडा, म्हणजे डाऊनी, लागू नये म्हणून तिच्यावर जो थर चढवतात, तो हा बोर्डो. बुरशी आणि जिवाणू, दोन्हींवर चालणारा. १ टक्क्याचं द्रावण करायचं तर १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी. हेच दाट केलं की पेस्ट होते. आमच्या गावात ब्लोअरची फवारणी पुरुष करतात, आणि ब्रश किंवा फडकं घेऊन खोडांना, ओलांड्यांना पेस्ट फासण्याचं काम बायकांकडे. पेठ-सुरगाण्याकडून हंगामाला आलेल्या आदिवासी बायकाही त्यात असतात. फडकं नसेल तर हात आहेतच!

या मिश्रणाचा जन्म मोठा गमतीचा. फ्रान्समधल्या बोर्दो भागात रस्त्याकडेच्या वेलींवर शेतकरी मोरचूद आणि चुना शिंपडत. कशासाठी? तर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून! वेल निळी दिसली की माणसं हात लावत नसत. त्याच वेली रोगातून वाचल्याचं मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांच्या लक्षात आलं आणि १८८५ मध्ये त्यांनी ही कृती जाहीर केली. म्हणजे बघा, 'हात लावू नका' हे सांगायलाच जो रंग निघाला, तो आज आपल्या बायका उघड्या हातानं लावतात.

आता प्रश्न असा की, चुना खातो आणि तांब्याच्या भांड्यातलं पाणीही पितो, मग यात भ्यायचं काय? भ्यायचं नाही, पण समजून घ्यायचं. नुसत्या मोरचुदाचं पाणी आम्लधर्मी असतं. ते पानाला करपवतं, तसंच कातडीला झोंबतं, डोळ्यात गेलं तर गंभीर इजा करतं. पोटात गेलं तर उलट्या होतात, रक्तपेशी फुटतात, मूत्रपिंडावर परिणाम होतो. चुना घातला की त्याचा तिखटपणा मरतो आणि पानावर थर बसतो. त्या थरातून, ओल मिळेल तसं, तांबं थोडं थोडं सुटत राहतं आणि बुरशीला मारतं. पण चुनाही साधा नाही. कळीच्या चुन्यावर पाणी टाकलं की तो फसफसून उकळतो, गरम शिंतोडे उडतात. डोळ्याला चुना तर मोरचुदापेक्षाही वाईट.

दोन वर्षांपूर्वी एका बागेत हेच झालं. ड्रम ढवळताना एका लेकुरवाळीच्या डोळ्यात शिंतोडा गेला. कुणी पदरानं पुसलं, कुणी दूध घाला म्हणालं. धुवायला जवळ स्वच्छ पाणीच नव्हतं. दवाखान्यात पोचेपर्यंत दुपार झाली. आठ दिवस पट्टी, आठ दिवसांचा रोज बुडाला. नजर वाचली, पण त्या डोळ्याला अजून अंधूक दिसतं. "माझीच चूक, वाकून बघत व्हते," एवढंच ती म्हणते.

श्वासाचंही तसंच आहे. १९६९ मध्ये पोर्तुगालच्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं बोर्डो फवारणाऱ्या द्राक्षमजुरांच्या फुप्फुसांत तांबं साठल्याचं नोंदवलं. जमिनीचं म्हणाल तर तांबं कुजत नाही, विरत नाही, साठतच जातं. म्हणून युरोपीय संघानं २०१९ पासून हेक्टरी ७ वर्षांत २८ किलो तांब्याची मर्यादा घातली आहे. सेंद्रिय शेतीतही त्याला मुभा आहे, पण मोजूनमापून. 'सेंद्रियात चालतं' म्हणजे 'अंगाला काही होत नाही' असं नव्हे.

मला सगळ्यात जास्त टोचलं ते वेगळंच. २०१० साली आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट या रसायनाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडला, युरोपात माल अडकला, बागायतदारांचं कंबरडं मोडलं. तेव्हापासून परदेशी जाणाऱ्या मालाची तपासणी आणखी काटेकोर झाली. कोणत्या बागेतला घड कोणत्या पेटीत गेला, हेही शोधता येतं. छान आहे, असायलाच हवं. पण तो घड वाढवणाऱ्या हातावर काय बसलंय, हे कोण तपासतं? १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे नियम औषध हाताळणाऱ्यांना संरक्षक कपडे द्या म्हणून सांगतात. बांधावर मात मजुराच्या वाट्याला येतं ते जुनं लुगडं आणि तोंडाला बांधलेला पदर.

आणि हे फक्त बागेपुरतं नाही हं. २०२० च्या करोनानंतर भिंतीचे रंग, ओट्याचे लेप, दारांच्या मुठी, सगळीकडे 'जंतू मारणारं' म्हणून चांदी-तांब्याच्या जाहिराती आल्या. खनिजाचं आहे म्हणजे निर्धोक, ही समजूत तिथेही तशीच! लावून वाळल्यावर त्याचा आपल्याला त्रास कमी, पण लावणाऱ्या आणि पुढे तो घासून काढणाऱ्या रंगाऱ्याच्या नाकात ती धूळ जातेच. म्हणून घरात काही लावून घेताना 'हे मला सोसेल का' याबरोबरच 'लावणाऱ्याला काय दिलंय' हेही विचारू या.

जाणकारांकडून कळलेलं मी पुढच्या बैठकीत सांगितलं. तुम्हीही कुणाला तरी सांगा:

• मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये भिजवा. लोखंडी किंवा जस्ताची बादली नको.
• स्वच्छ घासलेला विळा मिनिटभर द्रावणात बुडवा. पात्यावर तांबूस थर चढला तर तांबं मोकळं आहे, अजून चुना हवा.
• रबरी हातमोजे, चष्मा, मास्क आणि अंगभर कपडे घाला. ते कपडे घरच्या धुण्यात मिसळू नका.
• बांधावर स्वच्छ पाण्याचा हंडा आणि साबण ठेवा. हात धुतल्याशिवाय भाकरी नको, तंबाखूही नको.
• डोळ्यात गेलं तर निदान १५ मिनिटं स्वच्छ पाण्यानं धुवा आणि थेट डॉक्टर गाठा. दूध, तूप काही घालू नका.
• पोटात गेलं तर ओकारी काढू नका, लगेच दवाखान्यात न्या.
• मोरचुदाचे खडे पोरांना खडीसाखरेसारखे दिसतात. घरात ठेवू नका. रिकाम्या पिशवीत धान्य भरू नका.

गटाच्या पैशांतून बारा जोड हातमोजे आणले. सगळं सुरळीत झालं असं म्हणणार नाही. उन्हात हाताला घाम येतो, ब्रश निसटतो, काहीजणी दुपारनंतर काढूनच ठेवतात. पण यंदा मुकादम उक्तं काम ठरवायला आला, तेव्हा रोजाचं बोलून झाल्यावर गटातली सगळ्यात गप्प मावशी पुढे झाली.

"आन मोजे, चष्मे कोण देणार? ते आधी ठरवा, मंग येतो आम्ही."

मुकादमानं मालकाला फोन लावला. चष्मे आले नाहीत, मोजे आले. चष्म्यांचं बोलणं अजून चालू आहे.