आजारी लेकराच्या आईची चौकशी कोण करणार?



आपल्या वाडीत एखाद्या घरी मूल जन्मापासून अधू असतं. कुणाच्या मुलाला फिट येतात, कुणाच्या हृदयाला छिद्र असतं, कुणाला थॅलेसेमियामुळे दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. आपण भेटायला जातो तेव्हा मुलाची चौकशी करतो. "आता कसं आहे बाळ?" त्याच्या आईला मात्र सहसा कुणी विचारत नाही, "बाय, तू रात्री किती झोपलीस?" या महिन्याचं आरोग्य पान या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे.

ताण कशाचा असतो?

लेकराचा आजार हे एक दुःख झालं. त्याच्याबरोबर बाकीच्या गोष्टी येतात. तपासणीला रत्नागिरीला किंवा कोल्हापूर-मुंबईला जायचं म्हणजे एक-दोन दिवसांची मजुरी बुडते. आंबा बागेतलं किंवा काजू फोडायचं काम रोजावर असतं, खाडा झाला की पैसे नाहीत. बाप मुंबईला, तो भीमजयंतीला नि मे महिन्यात येणार. सासूचे गुडघे दुखतात. मग मुलाला उचलणं, भरवणं, औषधाच्या वेळा, रात्रीचं जागरण हे सगळं एकाच बाईवर येतं. हे दोन दिवसांचं नसतं, वर्षानुवर्षांचं असतं.

त्यात लोकांचं बोलणं. "हिच्याच पोटी असं कसं जन्मलं?" "गरोदरपणी ग्रहण पाळलं नसेल." "कुणाची तरी करणी आहे, भगताला दाखवा." बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा आपण घेतल्या, तरी अशी वाक्यं काही घरांतून अजून गेलेली नाहीत. म्हणून स्पष्ट लिहिते. थॅलेसेमिया नि सिकलसेल आई आणि बाप दोघांकडून आलेल्या दोषामुळे होतात, एकट्या आईमुळे नाही. सेरेब्रल पाल्सीमध्ये बाळाच्या मेंदूला जन्माआधी, जन्मताना किंवा जन्मानंतर लवकरच इजा झालेली असते. ग्रहणाचा, करणीचा किंवा मागच्या जन्माच्या पापाचा यात काडीचाही संबंध नाही. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदाही आहे.

हे फक्त आपल्याकडेच नाही

चीनमध्ये १९८० च्या सुमारापासून २०१५ अखेरपर्यंत एकाच मुलाचं धोरण होतं. पहिलं मूल अपंग असेल तर अनेक प्रांतांत दुसऱ्या मुलाला परवानगी मिळत असे. घराची सगळी आशा एका लेकरावर, आणि तेच आजारी, तर आईबापांचं काय होत असेल याचा विचार करा. तिथेही लाखो आईबाप शहरात कामाला जातात नि मुलं गावी आजी-आजोबांकडे राहतात. तिथेही आजारी मूल पाहुण्यांसमोर आणायची लाज वाटणारी घरं आहेत. देश वेगळा, भाषा वेगळी, पण बाईच्या पाठीवरचं ओझं ओळखीचं आहे.

आणि लांब कशाला जायचं? माता रमाई आपल्याच जिल्ह्यातल्या, दापोली तालुक्यातल्या वणंदच्या. त्यांची गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लेकरं लहानपणीच गेली. राजरत्न १९२६ साली गेला. घरात पैशाची चणचण, बाबासाहेब शिक्षणासाठी काही वर्षं परदेशात. १९३५ मध्ये रमाई गेल्या तेव्हा त्यांची चाळिशीही झाली नव्हती. आपण दरवर्षी त्यांच्या त्यागाचा गौरव करतो, तो करायलाच हवा. पण त्याचा अर्थ "आईने मुकाट सोसावं" असा काढू नका. रमाईंच्या काळी वाडीत आशाताई नव्हती, मोफत तपासणी नव्हती, कायदा नव्हता. आज हे सगळं आहे. तरीही एखादी आई एकटीच झिजत असेल तर तो आपल्या सगळ्यांचा प्रश्न आहे.

ताणाने काय होतं?

संकट आलं की शरीर सावध होतं. छातीत धडधड, स्नायू ताठ, झोप उडालेली. संकट टळलं की ते पूर्वपदावर येतं. पण संकट रोजचंच असेल तर शरीराला विसावा मिळत नाही. मग डोकं, मान, पाठ दुखते, पित्त होतं, रक्तदाब वाढू शकतो, भूक मरते, चिडचिड होते.

याचा फटका मुलालाही बसतो. सलग जागरणाने थकलेल्या आईकडून फिटच्या गोळीची वेळ चुकते किंवा गोळ्या संपल्या तरी आणणं राहून जातं. फिटचं औषध अचानक बंद झालं तर फिट लागोपाठ येऊन जीव धोक्यात येऊ शकतो. म्हणजे आईची झोप हासुद्धा मुलाच्या उपचाराचा भाग आहे.

बापाचा ताण वेगळा दिसतो. तो गप्प होतो, फोन टाळतो, कधी दारूकडे वळतो. धडधाकट भावंडांकडे कुणाचं लक्ष राहत नाही. ती अभ्यासात मागे पडतात, किंवा वयाआधीच मोठी होतात. त्यांच्यासाठी रोज पंधरा मिनिटं तरी वेगळी ठेवा.

धोक्याची खूण ओळखा

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप नाही, रडू आवरत नाही, कशातच मन लागत नाही, मुलावर हात उगारला जातो, तर मदत घ्या. "आम्ही दोघं नसलेलो बरं" असं कुणी आई बोलली तर ते नुसतं बोलणं समजू नका. तिला एकटं सोडू नका, घरातल्या जास्तीच्या गोळ्या आणि कीटकनाशक हलवा, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. टेलिमानस ही सरकारी सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या नंबरवर रात्रंदिवस मोफत, मराठीतही बोलता येतं.

आपल्या भागात "रत्नागिरीला नेलं" असं म्हटलं की लोक हसतात, कारण इथे मनोरुग्णालय आहे. हे हसणं सोडा. तिथे बाह्यरुग्ण विभागात दाखवायला जाणं म्हणजे वेड लागणं नव्हे. तापाला गोळी घेतो तशीच मनाच्या आजाराचीही औषधं असतात.

हक्काचं ते मागा

• राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंत मोफत तपासणी होते. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा येतं. त्या दिवशी मुलाला घरी लपवून ठेवू नका. पुढच्या उपचाराची चिठ्ठी तिथूनच मिळते.

• २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. थॅलेसेमिया, सिकलसेल, हिमोफिलिया हेही त्यात येतात. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढा. बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व लागतं.

• सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक किंवा बहुविध दिव्यांगत्व असेल तर 'निरामय' विमा योजनेतून वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळू शकतो. थेरपीचा खर्चही त्यात धरतात.

• मोठ्या शस्त्रक्रियेसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेची, तर मासिक मदतीसाठी तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजनेची चौकशी करा.

फिट आली तर

मुलाला कुशीवर वळवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, पाणी काहीही घालू नका. कांदा, चप्पल हुंगवू नका. हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा शुद्धीवर न येता पुन्हा आली तर १०८ ला फोन करा. हे घरातल्या प्रत्येकाला यायला हवं, दहा वर्षांच्या भावंडालाही. आईला एकटीला येत असेल तर ती घराबाहेर पाऊल टाकू शकणार नाही.

वाडीने काय करावं?

यासाठी निधी लागत नाही. महिला मंडळाने पौर्णिमेच्या बैठकीत अशा घरांची यादी करावी. आठवड्यातून एकदा दोन तास कुणीतरी मुलाजवळ बसावं, तेवढ्यात आईने झोपावं, आंघोळ करावी, बाजार करावा. कागदपत्रांसाठी शिकलेल्या मुलामुलींनी सोबत जावं, कारण एका कार्यालयातून दुसऱ्यात हेलपाटे घालताना मूल कडेवर घेऊन बाई हरते. मुंबईतल्या बापाने पैशाबरोबर रोज एक फोन करावा, आणि गावी आल्यावर मुलाला भरवणं, मालीश करणं स्वतः शिकून घ्यावं. विहारात वंदनेला मुलाला घेऊन यायला सांगा. ते मध्येच ओरडलं तर मागे वळून बघू नका, वंदना चालू ठेवा.