रोजा राहिला तरी चालेल, गोळी राहू नये

धुळ्याला आमच्या मामूंच्या घरी यंदा रमजानमध्ये सकाळी नऊ वाजता ताट वाढले जाते. कळण्याची भाकरी, तुरीची घट्ट डाळ, दोन उकडलेली अंडी. मुमानी ताट ठेवतात आणि मामू उठून दार लोटून घेतात. यंत्रमागावर तीस वर्षे उभे राहिलेला हा माणूस. कडक उन्हाळ्यात, मागांच्या खडखडाटात त्यांनी रोजे ठेवले आहेत. आता भर रमजानात दिवसा जेवायचे, तेही शेजारच्या मशिदीची अजान ऐकू येते अशा घरात, याची त्यांना लाज वाटते. पण जेवण झाल्यावर त्यांना चार प्रकारच्या गोळ्या घ्यायच्या असतात आणि त्यातल्या दोन उपाशीपोटी घेऊन भागत नाही.

मामूंना टीबी आहे. साधा नव्हे, औषधांना दाद न देणारा. आज २४ मार्च, जागतिक क्षयरोग दिन. १८८२ साली याच तारखेला रॉबर्ट कॉख यांनी या रोगाचा जंतू सापडल्याचे बर्लिनमध्ये जाहीर केले होते. चंद्राच्या हिशेबाने रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो, त्यामुळे सलग तिसऱ्या वर्षी, २०२३, २०२४ आणि आता २०२५ मध्ये, हा दिवस रमजानातच आला आहे. आज तेविसावा रोजा. म्हणून हा विषय. मामूंना विचारूनच लिहितो आहे. नाव मात्र लिहायचे नाही, ही त्यांची अट.

गोष्ट गेल्या वर्षीची. २०२४ च्या जानेवारीत मामूंचा खोकला थांबेना, संध्याकाळचा ताप जाईना. थुंकी तपासली, टीबी निघाला. सरकारी दवाखान्यातून मोफत गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांत ताप गेला, खोकला गेला, भूक लागू लागली. तेवढ्यात रमजान आला. मामूंनी घरात कोणालाही न सांगता गोळ्या बंद केल्या आणि रोजे धरले. गोळ्यांऐवजी सहेरीला कलौंजी आणि मध. कोणीतरी सांगितले होते की याने छाती साफ होते. शिवाय एका मेडिकलवाल्याने ताकदीसाठी टॉनिकची बाटली दिली होती, तीही चालू. ईद झाली, शीरखुर्मा झाला, मामू मागावर गेले. गोळ्यांचे पाकीट कपाटातच राहिले.

दिवाळीनंतर खोकला परत आला, यावेळी रक्तासह. बेडका नव्या यंत्रावर तपासला. ट्रूनॅट नावाची ही तपासणी गोव्यातल्या मोलबायो कंपनीने तयार केली आहे. ती तासाभरात टीबीचा जंतू आहे का ते सांगते आणि नंतर त्याच नमुन्यावर रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्या जंतूवर चालेल की नाही हेही सांगते. मामूंचे उत्तर आले, चालणार नाही.

असे का होते, ते थोडक्यात. फुप्फुसात टीबीचे कोट्यवधी जंतू असतात. त्यात एखाद-दुसरा जन्मतःच एखाद्या औषधाला न जुमानणारा असतो. म्हणूनच चार औषधे एकत्र देतात. एकातून वाचलेला दुसऱ्याने मरतो. दोन महिन्यांत बहुतेक जंतू मरतात आणि माणसाला बरे वाटू लागते. पण उरलेले चिवट असतात, ते संपायला पुढचे चार महिने लागतात. मध्येच औषध सोडले, किंवा एक दिवस घेतले, तीन दिवस नाही, असे केले, की चिवट जंतूंना मोकळे रान मिळते. सगळ्यांनाच असा टीबी स्वतःच्या चुकीने होतो असे मात्र समजू नका. ज्याने एकही गोळी चुकवलेली नाही, आयुष्यात कधी टीबीची गोळी पाहिलेलीही नाही, त्यालाही दुसऱ्याच्या खोकल्यातून थेट असा जंतू मिळू शकतो. म्हणजे मामूंनी घेतलेली जोखीम एकट्या मामूंची नव्हती. घरात नातवंडे आहेत.

हे टीबीपुरतेच नाही. लघवीचा जंतुसंसर्ग, टायफॉइड, जखमेतला पू, सगळीकडे अँटिबायोटिक निकामी होत चालली आहेत. पाकिटावर उभी लाल रेघ असलेली गोळी चिठ्ठीशिवाय देऊ-घेऊ नये, हे आपल्याला ठाऊक असते. तरीही आपण दुकानात जाऊन ‘दोन दिवसांच्या द्या’ म्हणतो. असो.

मुद्दा आहे तो अन्नाचा. औषध चालेना म्हटल्यावर माणूस स्वयंपाकघराकडे वळतो. मामूंच्या आजाराची बातमी पसरली तशी घरी सल्ल्यांची रीघ लागली. कोणी लसणाचे दूध सांगितले, कोणी गोमूत्र अर्क, कोणी उंटिणीचे दूध, कोणी हजार-दीड हजारांचा प्रोटीनचा डबा. यात हिंदू-मुसलमान असा फरक नव्हता. कलौंजीबद्दलची हदीस आमच्या घराघरांत ठाऊक असते आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. पण त्याच परंपरेत औषध घेण्याची ताकीदही आहे, ती मात्र सोयीस्करपणे विसरली जाते. कलौंजी जेवणात जरूर घाला. जिथे रिफाम्पिसिन हरले, तिथे कलौंजी जिंकेल असा पुरावा कुठेही नाही.

अन्नाने टीबी बरा होतो का, हा प्रश्न जुना आहे. औषध नव्हते त्या काळी हवा, विश्रांती आणि खुराक हाच उपचार होता. ज्यांना परवडे ते मिरजेसारख्या ठिकाणी सॅनेटोरियममध्ये जाऊन राहत, दूध-अंडी खात, आणि तरीही त्यातले बरेच दगावत. मग औषधे आली. १९५६ मध्ये मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईत, एक प्रयोग सुरू झाला. टीबीच्या गरीब रुग्णांचे दोन गट केले. एकाला सॅनेटोरियममध्ये ठेवले: स्वच्छ जागा, पूर्ण आराम, उत्तम आहार. दुसऱ्याला त्याच्याच खोपट्यात ठेवले: दाटीवाटी, अपुरे जेवण, कामधंदाही चालूच. औषधे दोघांना तीच, वर्षभर. शेवटी बरे होण्याचे प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखे निघाले. या निकालाने जगभर सॅनेटोरियमचे दिवस संपत आले. जंतू मारते ते औषध, हे तिथे सिद्ध झाले.

मग खुराकाला काही अर्थच नाही? तसेही नाही, आणि याचा पुरावाही आपल्याच देशातला आहे. डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात मोठा अभ्यास केला. टीबीच्या २८०० रुग्णांना औषधांबरोबर दरमहा दहा किलोचे रेशन दिले: तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल, सोबत जीवनसत्त्वांच्या गोळ्या. साध्या टीबीला सहा महिने, औषधांना दाद न देणाऱ्या टीबीला बारा महिने. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन पाच टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. अर्ध्या घरांत रुग्णाच्या कुटुंबीयांनाही माणशी पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ दिली. त्या घरांत नव्याने टीबी होण्याचे प्रमाण दुसऱ्या घरांपेक्षा ३९ टक्क्यांनी कमी राहिले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आले. तांदूळ आणि डाळ! यात प्रोटीनचा डबा नव्हता, उंटिणीचे दूध नव्हते.

मामूंचे वजन उपचाराच्या सुरुवातीला ४१ किलो होते. त्याचे पाच टक्के म्हणजे दोन किलो आणि वर थोडे. मुमानींना मी हा हिशेब सांगितला, तेव्हा त्या म्हणाल्या, “एवढंच ना? मग मला आधी का नाही सांगितलं?” पुढचे सगळे त्यांनी केले. खरे तर खान्देशच्या स्वयंपाकघराला यात कोणाकडून शिकण्यासारखे थोडेच आहे. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून कळणा करतात. धान्यात जे प्रथिन कमी पडते ते डाळ भरून काढते. तूर, उडीद, हरभरा, शेंगदाणे, अंडी, दूध, जमेल तेव्हा मटण. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण पंचवीस ग्रॅम प्रथिने असतात, एका अंड्यात सहा. आपली जळगावची केळी आपली शान आहे, पण त्यात प्रथिने नावालाच. टीबीच्या पेशंटला भेटायला जाताना डझनभर केळी नेतो त्याऐवजी अंड्यांचा ट्रे न्यावा, असे मी आता सगळ्यांना सांगतो.

आता गोळ्या आणि ताट यांचा मेळ. याबद्दल घरोघरी फार गोंधळ असतो. मामूंना चालू असलेला उपचार नवा आहे: बेडाक्विलीन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड, मॉक्सिफ्लॉक्सासिन. भारतात २०२४ च्या सप्टेंबरमध्ये त्याला मान्यता मिळाली. पूर्वी अशा टीबीला दीड-दोन वर्षे लागत, कित्येक महिने इंजेक्शने टोचावी लागत आणि त्या इंजेक्शनांनी काहींची श्रवणशक्ती कायमची जाई. मुंबईच्या पत्रकार नंदिता वेंकटेशन यांची अशीच गेली. पुढे बेडाक्विलीनच्या पेटंटची मुदत वाढू नये म्हणून त्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांच्यासह भारतात हरकत घेतली आणि २०२३ च्या मार्चमध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. मामू आज सहा महिन्यांत, सुईशिवाय, बरे होण्याची आशा धरतात त्यात या दोघींचाही वाटा आहे.

बेडाक्विलीन जेवणासोबत घेतले तर रक्तात जवळपास दुप्पट उतरते. उपाशीपोटी घेतले तर निम्मे वाया. प्रेटोमॅनिडही जेवणाबरोबरच. याउलट साध्या टीबीतले रिफाम्पिसिन रिकाम्या पोटी जास्त चांगले लागू पडते. म्हणून शेजारच्या पेशंटचा नियम आपल्याला लावू नये. आणि मामूंची ती टॉनिकची बाटली! मॉक्सिफ्लॉक्सासिनच्या सोबत लोह, जस्त, मॅग्नेशियम असलेले टॉनिक किंवा अ‍ॅसिडिटीचे गुलाबी औषध घेतले, तर ते पोटातच औषधाला बांधून ठेवते, रक्तात जाऊच देत नाही. ताकद यावी म्हणून घेतलेली वस्तू औषधाचीच ताकद काढून घेते. दोघांमध्ये काही तासांचे अंतर लागते, किती ते डॉक्टर सांगतात. त्यासाठी आपण काय काय घेतो ते त्यांना सांगावे लागते. आणि नेमके तेच आपण लपवतो. डॉक्टर रागावतील म्हणून.

राहिला रोजा. कुरआनने आजारी माणसाला सवलत दिली आहे: बरा झाल्यावर तेवढेच दिवस पुढे रोजे ठेवावेत. बरे होण्याची आशाच नसेल त्याने फिदया द्यावा, म्हणजे रोजच्या रोजामागे एका गरजूला जेवण. ही पळवाट नाही, सरळ आज्ञा आहे. मशिदीतल्या इमामसाहेबांनी मामूंना घरी येऊन हेच सांगितले आणि वर म्हणाले, तुमच्यासाठी या दिवसांत दवा खाणे हीच इबादत समजा. सध्या सहेरीपासून इफ्तारपर्यंत साडेतेरा तास होतात. ४५ किलोच्या माणसाने एवढा वेळ उपाशी राहायचे आणि मग एका बैठकीत भजी, शरबत, खजूर यांवर तुटून पडायचे, हे टीबीत परवडणारे नाही. मधुमेह असेल तर मुळीच नाही, आणि मधुमेह्यांना टीबी होण्याची शक्यता इतरांच्या तिप्पट असते. साध्या टीबीचा, वजन नीट वाढलेला पेशंट रोजा ठेवू शकेल का, याचे उत्तर पेशंटगणिक वेगळे. ते डॉक्टरांकडूनच घ्यावे. एकादशी-चतुर्थी आणि चैत्रातले उपवास करणाऱ्या माझ्या हिंदू वाचकांनाही हेच लागू आहे. साबुदाण्याच्या खिचडीत पिष्टच जास्त, प्रथिन शेंगदाण्याच्या कुटाचे तेवढेच.

सरकार टीबी पेशंटच्या खात्यात पोषणासाठी महिन्याला ५०० रुपये टाकत होते, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. ज्यांची नोंद झाली आहे पण बँक खाते जोडलेले नाही, त्यांनी आशाताईंना गाठावे. २०२२ पासून निक्षय मित्र योजनाही आहे. कोणीही व्यक्ती किंवा संस्था एखाद्या पेशंटचे कोरडे रेशन उचलू शकते. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत आपल्याकडे जकात, फितरा, सदका यांचा हिशेब चालतो. जकात कोणाला लागू होते ते उलेमांना विचारावे. सदका मात्र कुठल्याही धर्माच्या गरजूला देता येतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून ऊसतोडीला गेलेला आणि गोळ्या घेऊन परत आलेला मजूर असो की धुळ्याच्या मागावरचा, सहा महिने डाळ-तेल पोहोचते करणे अवघड नाही. आमच्या गल्लीत चार जणांनी मिळून दोन घरे घेतली आहेत. त्यातले एक मुसलमानाचे, एक नाही.

परवा इफ्तारला धुळ्याला गेलो होतो. मामू दस्तरखानावर सगळ्यांसोबत बसले, खजूर हातात धरून अजानची वाट पाहत. त्यांचे दुपारचे जेवण झाले होते हे सगळ्यांना ठाऊक होते. शेजारच्या पाटील काकू वाटीभर शेंगदाण्याची चटणी घेऊन आल्या आणि दारातूनच विचारले, “भाऊ, आज किती भरलं वजन?”

“साडेपंचेचाळीस,” मामू म्हणाले.

मुमानींनी लगेच दुरुस्त केले. चप्पल घालून उभे होते, पंचेचाळीसच.