परावटू ग्रंथीची शस्त्रक्रिया : खरी काळजी टाके घातल्यानंतरची

मुतखडा काढूनही पुन्हा पुन्हा होऊ लागला, की दोष गावच्या पाण्याला दिला जातो. मात्र त्याच रुग्णाची हाडे ठणकत असतील, किरकोळ पडण्यानेही मोडत असतील आणि रक्तातील कॅल्शियम वाढलेले असेल, तर संशय परावटू अर्थात पॅराथायरॉइड ग्रंथींवर घ्यावा लागतो.

गळ्यात थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या या ग्रंथी बहुधा चार असतात. (त्या प्रथम दिसल्या त्या माणसात नव्हे, तर लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या भारतीय गेंड्यात!) रक्तातील कॅल्शियमचे प्रमाण राखणे हे त्यांचे काम. बहुतेक रुग्णांत त्यांपैकी एकीवर साधी, कर्करोग नसलेली गाठ वाढते आणि हाडांतील कॅल्शियम रक्तात उपसले जाते. ती ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया व्हिएन्नात १९२५ साली प्रथम झाली.

सोनोग्राफी व स्कॅनमध्ये गाठीची जागा निश्चित झाली असेल, तर लहानसा छेद पुरतो. भूल सहसा पूर्ण दिली जाते. गाठ निघताच संप्रेरकाची पातळी काही मिनिटांतच उतरते. घसा काही दिवस दुखतो, आवाज घोगरा होतो. अनेकांना दुसऱ्याच दिवशी घरी सोडतात.

इथेच सावध राहायला हवे. वर्षानुवर्षे रिती झालेली हाडे आता रक्तातील कॅल्शियम अधाशीपणे ओढून घेऊ लागतात. ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता असल्यास हा धोका अधिक. कॅल्शियम सर्वांत खाली जाते ते बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, म्हणजे रुग्ण घरी पोहोचल्यावर. बीदर जिल्ह्यातील ठाणाकुशनूरसारख्या गावातून हैदराबादला जाऊन शस्त्रक्रिया करून आलेल्यांना तेव्हा शल्यचिकित्सक हाकेच्या अंतरावर नसतो. त्यामुळे कॅल्शियमच्या गोळ्या सोबत घेऊनच निघावे आणि त्या सांगितल्याप्रमाणे घ्याव्यात. रक्ततपासणी जवळपास कोठे होईल, हेही आधीच ठरवावे. ओठांभोवती वा बोटांत मुंग्या आल्यास त्याला अशक्तपणा समजू नये. डॉक्टरांना लगेच कळवावे. हातपाय वाकडे होऊन पेटके येणे, गळा झपाट्याने सुजणे किंवा श्वास अडखळणे यांपैकी काहीही झाल्यास तडक जवळचे रुग्णालय गाठावे.

हाडे भरून यायला महिने लागतात. सहा महिन्यांनंतरही कॅल्शियम योग्य पातळीवर असेल, तरच आजार बरा झाला असे डॉक्टर मानतात. म्हणून ती तपासणी चुकवू नये.