आराखड्याचे प्रमाण केव्हा ठरते?

प्रमाण म्हणजे कागदावरील लांबी आणि प्रत्यक्ष लांबी यांचे गुणोत्तर. ऑटोकॅडसारख्या संगणकीय आरेखन-प्रणालीत घराचे प्रत्येक माप आधी या प्रमाणात लहान करून घ्यावे लागते, असा समज हाताने आराखडे काढण्याच्या सवयीतून रुजला असला, तरी तेथील मॉडेल स्पेसमध्ये (मूळ आरेखनाच्या क्षेत्रात) तीन मीटरची भिंत ३००० मिलिमीटर, अशी पूर्ण मापानेच काढली जाते. छायाचित्र टिपल्यानंतर प्रतीचा आकार जसा छापताना ठरतो, तसेच आराखड्याच्या प्रमाणाचे आहे. लेआउटवर (छपाईच्या पानावर) १:५० प्रमाण निवडल्यास ती भिंत ६० मिलिमीटर, १:१०० निवडल्यास ३० मिलिमीटर उमटते आणि मूळ आरेखन मात्र बदलत नाही. म्हणून नवशिक्याने प्रथम एकक निश्चित करून प्रत्यक्ष मापेच भरावीत.