दक्षिण समुद्राच्या काठाने, आप्तांच्या भेटीस

परदेशी स्थायिक झालेल्या मुलांकडे जाऊन येणे ही गोष्ट आता आपल्या सुशिक्षित घरांत नवलाची राहिलेली नाही. १८८३ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेस निघाल्या, तेव्हा समुद्रगमनावरून केवढी खळबळ उडाली होती, याची आजच्या मुलींस कल्पनाही येणार नाही. आजची अडचण निराळी आहे. मुले जातात, तेथे रमतात आणि काही वर्षांनी आईवडिलांस म्हणतात, "आता तुम्हीही इकडेच या." या आमंत्रणास काय उत्तर द्यावे, हा प्रश्न पुष्कळ घरांत पडलेला आहे. गेल्या मार्गशीर्षात तो आमच्यापुढेही होता, आणि त्याचा उलगडा झाला तो ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्याने मोटारीतून जाताना. म्हणून प्रवासाची हकीकत आणि त्या प्रश्नाचा विचार, दोन्ही वाचकांपुढे एकत्रच ठेवीत आहोत.

आमचे बिऱ्हाड बुलढाण्याचे. ज्येष्ठ बंधू व वहिनी, आम्ही उभयता, थोरले चिरंजीव, सूनबाई व नातवंडे असे सर्व एका छपराखाली राहतो. मुलगी पुण्यास दिलेली. धाकटे चिरंजीव सहकुटुंब मेलबर्नला, आणि ज्येष्ठ बंधूंची कन्या, जी आमच्याच मांडीवर लहानाची मोठी झाली, ती ॲडलेडला. दोघे भावंडे एकाच देशात आहेत, या गोष्टीचे आम्हांस केवढे समाधान वाटत असे! परंतु तेथे गेल्यावर कळले की, तीन वर्षांत दोघांची गाठ एकदाच पडली होती. भाऊबीज होई ती भ्रमणध्वनीच्या पडद्यावर. भांडण नव्हते, अबोला नव्हता. केवळ अंतर होते आणि सवड नव्हती.

मेलबर्नहून ॲडलेडला सरळ रस्त्याने सव्वासातशे किलोमीटर पडतात. समुद्रकाठच्या रस्त्याने जावे तर हजाराहून थोडे अधिक. धाकट्या सूनबाईंनी दुसरा मार्ग निवडला व चार दिवस मोकळे केले. तिकडे वाहने आपल्याप्रमाणेच डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे बसणाऱ्यास चुकल्यासारखे वाटत नाही. मात्र सांज होताच कांगारू रस्त्यावर येतात. म्हणून दिवस मावळण्यापूर्वी मुक्काम गाठावयाचा, हा नियम आम्ही कटाक्षाने पाळला.

टॉर्की गावापासून ॲलन्सफर्डपर्यंत सुमारे २४० किलोमीटर जो रस्ता जातो, त्यास 'ग्रेट ओशन रोड' म्हणतात. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सुमारे तीन हजार सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात तो कुदळफावड्यांनी खोदून काढला. युद्धात पडलेल्या आपल्या सोबत्यांचे ते स्मारक होय. एका हातास डोंगराचा कडा, दुसऱ्या हातास खाली फेसाळणारा समुद्र. आम्हां डोंगरावरच्या माणसांस समुद्र हा पाहुण्यासारखा, क्वचित भेटणारा. येथे मात्र तो तासन्‌तास सोबतीस होता.

पुढे चुनखडीचे उंच सुळके पाण्यात उभे दिसतात. त्यांस 'बारा प्रेषित' असे नाव आहे. वस्तुतः ते बारा कधीच नव्हते. लाटा कड्यास पोखरतात, प्रथम गुहा होते, मग कमान होते, कमान कोसळली की सुळका एकटा उरतो. २००५ साली त्यांतील एक सुळका ढासळला. आता आठ उभे आहेत. जवळच 'लंडन ब्रिज' नावाची कमान होती. १९९० च्या जानेवारीत तिचा किनाऱ्याशी जोडलेला भाग अकस्मात पडला आणि दोन प्रवासी पलीकडे अडकले. त्यांस हेलिकॉप्टरने सोडवावे लागले.

त्याच किनाऱ्यावर 'लॉक आर्ड' नावाची खाडी आहे. इंग्लंडहून तीन महिन्यांचा प्रवास करून आलेले त्या नावाचे जहाज १८७८ च्या १ जून रोजी, मेलबर्न हाकेच्या अंतरावर आले असता, येथे खडकावर फुटले. ५४ माणसांपैकी दोघेच वाचली: टॉम पीअर्स हा उमेदवार खलाशी आणि ईव्हा कारमायकल ही तरुणी. ईव्हाचे आईवडील व भावंडे त्याच जहाजावर होती. ती सर्व बुडाली. पुढे ती आयर्लंडला परत गेली. येथे आमची धाकटी सूनबाई बराच वेळ काही बोलली नाही. नवा देश गाठण्यासाठी मागच्या पिढ्यांनी काय किंमत मोजली, हे तेथे पुस्तकावाचून समजते.

व्हिक्टोरिया प्रांत संपून दक्षिण ऑस्ट्रेलियाची हद्द लागते, तेथे दोन गमती होतात. घड्याळ अर्धा तास मागे घ्यावे लागते. आणि फळमाशीचा उपद्रव पसरू नये म्हणून जवळची ताजी फळे पुढे नेता येत नाहीत. सौभाग्यवतींनी वाटेसाठी घेतलेली संत्री हद्दीपूर्वीच सर्वांनी मिळून संपविली. पुढे माउंट गॅम्बिअर येथे ज्वालामुखीच्या विवरातील 'ब्लू लेक' पाहिले. हिवाळ्यात त्याचे पाणी करडे असते. उन्हाळ्यात पाणी तापले की कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण तयार होतात व ते गडद निळे दिसू लागते. आम्हांस अर्थातच आमच्या लोणारची आठवण झाली. लोणारचे विवर उल्कापाताने झालेले, सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचे. त्याचे खारे पाणी २०२० च्या जूनमध्ये लवणप्रिय सूक्ष्मजीवांमुळे गुलाबी झाले होते. लोणारचे पाणी पिण्याजोगे नाही. निळ्या सरोवराचे मात्र सारे गाव पिते.

त्या रात्री चिरंजीवांनी मूळ विषय काढला. "बाबा, कायमचे राहण्याचे मनावर घ्या." तेथील कायदा त्यांनीच समजावून सांगितला. आईवडिलांस कायम वास्तव्याचा परवाना मिळण्यासाठी 'कुटुंबाच्या समतोला'ची कसोटी आहे. निम्मी तरी मुले ऑस्ट्रेलियात स्थायिक असावीत, किंवा इतर कोणत्याही एका देशात असतील त्यांहून अधिक मुले तेथे असावीत. आमची दोन मुले भारतात, एक तिकडे. म्हणजे कसोटी उतरत नाही. शिवाय कमी शुल्काच्या रांगेत नव्या अर्जास सुमारे तीस वर्षे, आणि अधिक शुल्क भरले तरी दहा वर्षांहून अधिक थांबावे लागते. २०१९ पासून मात्र तीन किंवा पाच वर्षांचा तात्पुरता परवाना निघाला आहे. त्यास ही कसोटी नाही, आणि एकंदर दहा वर्षांपर्यंत राहता येते. चिरंजीवांचा आग्रह त्यासाठी होता.

प्रत्येक देशास आपले नियम ठरविण्याचा अधिकार आहे. त्याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु त्या हिशेबात आमची पुतणी कोठेच धरली जात नाही, याचे आम्हांस नवल वाटले. तिला आम्ही कधी पुतणी म्हटल्याचे आठवत नाही. कायद्याचे कुटुंब आणि आमचे कुटुंब यांची व्याख्याच निराळी आहे, हे त्या क्षणी ध्यानात आले; आणि मग प्रश्नही निराळा दिसू लागला.

रोब गावी १८५६ नंतरच्या दोन वर्षांत हजारो चिनी मजूर उतरले. व्हिक्टोरियाने त्यांच्यावर डोईपट्टी बसविली होती. ती चुकवून ते येथून सोन्याच्या खाणींपर्यंत शेकडो मैल पायी गेले. पुढे १९०१ च्या कायद्याने गौरेतरांस दारच बंद झाले, ते १९७३ साली पुरते उघडले. २०२१ च्या जनगणनेत भारतात जन्मलेले तेथे ६ लाख ७३ हजार होते. इंग्लंडखालोखाल तीच संख्या. एवढी आपली माणसे तेथे असताना भावंडांनी एकटे का पडावे?

कूराँग नावाचे शंभराहून अधिक किलोमीटर लांबीचे खाजण व त्यावरचे पाणकोळी पाहत चौथ्या दिवशी ॲडलेड गाठले. कन्येने दारातच भावाचा हात धरला, आणि प्रथम त्याच्याशी बोलली. मग आम्हांस नमस्कार केला. त्याचे आम्हांस वाईट वाटले नाही, उलट बरे वाटले. जेवताना तिने विचारले, "काका, बाबांना कधी आणता?" आमचे बंधू ऐंशीच्या घरात आहेत, त्यांस हा प्रवास झेपणारा नाही. तिलाही ते ठाऊक होते.

उत्तर आम्ही तेथेच दिले. आम्ही बुलढाण्यासच राहणार. बंधूंच्या सोबतीस आम्ही हवेत. प्रकृती साथ देईल तोवर दोन वर्षांआड तीन महिने येऊ. परंतु आमच्या येण्याहून महत्त्वाची अट दुसरी: दरवर्षी भाऊबीजेस एकाने हा रस्ता तुडवावयाचा, एका वर्षी भावाने, एका वर्षी बहिणीने. दोघांनी ती मान्य केली.

आमचे गाव अजिंठ्याच्या डोंगरमाथ्यावर वसलेले आहे. तेथे उगम पावणारी पैनगंगा वर्धा-गोदावरीच्या वाटेने पूर्व समुद्रास मिळते, तर नळगंगा पूर्णा-तापीतून पश्चिम समुद्रास. एका डोंगरावरचे पाणी दोन दिशांस जावयाचेच. माणसांची गत याहून वेगळी नाही. मात्र पाण्यास माघारी फिरता येत नाही, माणसांस येते. परदेशी मुले असलेल्या वडीलधाऱ्यांस आमची एवढीच सूचना आहे की, आपण कोठे राहावे याचा विचार करण्यापूर्वी तेथील भावंडे एकमेकांकडे जातात की नाही, हे पाहावे. आपल्यामागे त्यांस एकमेकांचाच आधार राहणार आहे.