ऐनवेळची दिवाळी भेट: समज किती, खरं किती

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी पुण्याच्या लक्ष्मी रोडवर किंवा दादरच्या रानडे रोडवर पाय ठेवायला जागा नसते. पाडवा तोंडावर आलेला, भाऊबीज त्याला लागूनच, यादीतली चार नावं अजून बाकी आणि बोनस निम्मा संपलेला. अशा घाईत माणूस आधी चकाकी बघतो, मग खोका, आणि आतली वस्तू सगळ्यात शेवटी. फसगत होते ती बहुधा इथेच. वेळ आणि पैसे, दोन्ही कमी असले तरी चांगली भेट घेता येते. त्यासाठी काही समज मात्र बाजूला ठेवावे लागतात.

त्यातला सगळ्यात पक्का बसलेला समज जर्मन सिल्व्हरचा. निरांजन, कुंकवाचा करंडा, अत्तरदाणी, छोटं तबक असा हा माल चांदीच्या मानाने कितीतरी स्वस्त मिळतो. नावातच सिल्व्हर आहे, म्हणजे थोडी तरी चांदी असणारच, असं घेणारा धरून चालतो. प्रत्यक्षात तो तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू आहे. त्यात चांदी नसते. पांढरी झळाळी येते ती निकेलमुळे. भेट म्हणून ही वस्तू वाईट अजिबात नाही, फक्त ती चांदीची म्हणून घेऊ नये आणि देऊही नये. निकेलची अ‍ॅलर्जी बऱ्याच जणांना असते, त्यामुळे मैत्रिणीसाठी या धातूचे कानातले घेताना आधी विचारलेलं बरं.

खरी चांदीच द्यायची असेल, तर दागिन्यावर ९२५ असा आकडा शोधावा. हजार भागांत ९२५ भाग चांदी, असा त्याचा अर्थ. सोन्याच्या दागिन्यांसारखी हॉलमार्कची सक्ती चांदीला लागू झालेली नाही. मात्र १ सप्टेंबर २०२५ पासून हॉलमार्क होणाऱ्या चांदीच्या दागिन्यांवरही अक्षरं आणि अंक मिळून सहा चिन्हांचा एचयूआयडी क्रमांक येऊ लागला आहे. ‘बीआयएस केअर’ या अ‍ॅपमध्ये तो टाकला की दागिन्याची नोंद तिथेच, काउंटरवर उभ्या उभ्या दिसते. बजेट तेवढं नसेल, तर पितळेचं निरांजन किंवा तांब्याचा तांब्या घ्यावा. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यांवर हातोडीने मठारकाम करतात. ठोक्यांच्या बारीक खळग्यांनी सगळं भांडं भरून जातं, आणि त्या ठोक्यांनी पत्राही कणखर होतो. असं एखादं छोटं भांडं वर्षानुवर्षं वापरात राहतं.

मिठाईकडे वळू. ‘खोक्याचं वजन धरायचंच असतं’ हे वाक्य इतक्या दुकानांत ऐकू येतं, की तोच नियम वाटू लागतो. नियम उलट आहे: वजन फक्त मिठाईचं धरायचं. ९०० रुपये किलोची बर्फी जाड पुठ्ठ्याच्या शंभर ग्रॅमच्या खोक्यासकट मोजली, तर गिऱ्हाइकाने नव्वद रुपये पुठ्ठ्याचे मोजले. रिकामं खोकं आधी काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणायला सांगावं. त्यात संकोच कसला? सुट्या मिठाईच्या ट्रेपाशी ती कधीपर्यंत खाण्यायोग्य आहे, ही तारीख लावणं १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक आहे. भाऊबीजेला द्यायचे पेढे धनत्रयोदशीलाच घेऊन ठेवणाऱ्याने ती पाटी जरूर वाचावी.

सुक्यामेव्याच्या चार कप्प्यांच्या मखमली पेटीत मेवा किती, हे निव्वळ वजनाच्या ओळीत कळतं. ती ओळ वाचल्यावर पुष्कळदा सांगलीचे बेदाणे आणि वेंगुर्ल्याचे काजू सुटे घेऊन साध्या कापडी पिशवीत द्यावेसे वाटतात. दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. तसंच ते आजऱ्याच्या घनसाळ तांदळालाही आहे, आणि असा सुवासिक तांदूळ किलोभर दिला तर घरातले सगळेच खूश होतात.

‘दिवाळी अंक भाऊबीजेनंतर शिळा होतो’ हाही असाच एक समज. का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ साली दिवाळी अंक काढला, तेव्हापासून चालत आलेली ही परंपरा आहे. वार्षिक राशिभविष्य सोडलं तर अंकातल्या कथा, लेख, कविता, व्यंगचित्रं यांना तारीख कुठे असते? वाचणाऱ्या मित्राला इतक्या कमी पैशांत इतकं वाचायला देणारी दुसरी भेट क्वचितच सापडेल. दोन भिन्न वळणांचे अंक एकत्र बांधून द्यावेत, म्हणजे घरात आलटूनपालटून वाचले जातात.

अंक परगावी पाठवणाऱ्यांची मात्र एका ठिकाणी गल्लत होते. टपाल खात्याने १ मे २०२५ पासून पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केली. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये अशा दराने. पण नियतकालिकं आणि जाहिराती असलेली प्रकाशनं त्यात घेत नाहीत, म्हणजे दिवाळी अंक बाद. शिवाय हे टपाल जमिनीवरून जातं. सण दोन दिवसांवर आला असेल, तर स्पीड पोस्टच गाठावं.

राहता राहिली रोख ओवाळणी. पाकिटातून पैसे देणं म्हणजे टाळाटाळ, असं काहींना वाटतं. शिकणाऱ्या बहिणीला विचारलं तर ती वेगळं सांगेल. दहा रुपयांचं कुठल्याही नक्षीचं नाणं चलनात वैध आहे, हे रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे, तेव्हा ते बेलाशक द्यावं. नोटेवर ‘शुभ दीपावली’ लिहू नये, पण कोणी लिहिलं म्हणून ती नोट बादही होत नाही.

कराचा मुद्दा त्याहून अनपेक्षित आहे. सख्ख्या भावाने दिलेल्या रकमेवर बहिणीला कर नाही, रक्कम कितीही असो. चुलत, मामे, आते, मावस भाऊ मात्र आयकर कायद्याच्या ‘नातेवाईक’ या व्याख्येत बसत नाहीत. त्यांच्याकडून आणि मित्रमंडळींकडून आर्थिक वर्षात मिळालेली एकूण रक्कम ५० हजारांच्या वर गेली, तर वरच्या भागावर नाही, सगळ्याच रकमेवर कर लागतो. शे-पाचशेच्या ओवाळणीला त्याची काळजी नाही. मामेभावाने बहिणीच्या लॅपटॉपसाठी मोठी रक्कम खात्यावर पाठवायचं ठरवलं असेल, तर पाठवण्याआधी हा हिशेब मांडून घ्यावा.